गुंडेवाडीच्या विहिरीतले आठ बार

माझ्या थोरल्या लेकीचं, सरजाचं, लग्न झालं त्याच उन्हाळ्यात आम्ही गुंडेवाडीची विहीर धरली. लग्नाला तीन आठवडेच झाले होते. जावई दशरथ माझ्याच टोळीत कामाला आला होता आणि त्याच्या मनगटावरची हळद अजून पुरती गेली नव्हती. त्या दुपारी तो लाल फेटा बांधून विहिरीच्या काठावर उभा होता. खाली साडेचार परुस, म्हणजे साडेचार माणसांच्या उंचीएवढं खोल, काळ्या पाषाणात, आठ सुरुंग भरून तयार होते.

"फेटा काढा दाजी," माझी भाची रेणुका त्याला म्हणाली. "खालच्या दगडांना त्याचं कौतुक नाही."

"मान हाय माझा. फेटा बांधूनच उतरणार."

"मग डोकं फुटलं तरी फेटा तेवढा शाबूत राहील."

सगळे हसले, दशरथही हसला. त्याचा मान होता हे खरं. आम्ही वडार, दगड फोडणं हे आमचं पिढ्यांचं काम. नवा जावई सासऱ्याच्या टोळीत आला की पहिले बार उडाल्यावर विहिरीत सर्वांत आधी त्यानं उतरायचं, पहिल्या सुट्या दगडावर नारळ फोडायचा आणि पहिली पाटी भरून वर पाठवायची. त्यानंतर तो टोळीचा. हे बघायला त्याचा बाप तिप्पण्णा मुद्दाम आला होता. तिप्पण्णा माझा व्याही आणि स्वतः मिस्त्री. त्याची टोळी माझ्या टोळीहून मोठी. तो विहिरीतून काढलेल्या दगडांच्या ढिगाऱ्याच्या सावलीत मांडी घालून बसला होता आणि माझ्या कामाकडे असं बघत होता, जसं सोनार दुसऱ्या सोनाराच्या हातातल्या डागिन्याकडे बघतो.

रेणुका ही माझ्या धाकट्या बहिणीची, गंगूची मुलगी. गंगू माझ्याच टोळीत पाट्या उचलायची. नवरा लवकर गेला, तरी तिनं या पोरीला शाळेतून काढलं नाही. आमच्यात तोवर दहावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं, आणि ही बार्शीला वसतिगृहात राहून कॉलेजात शिकत होती. सायन्सचं पहिलं वर्ष करून सुट्टीला आली होती. सकाळी आईबरोबर पाट्या उचलायची, दुपारी कडुलिंबाखाली पुस्तक उघडायची आणि मधल्या वेळात माझं डोकं खायची.

"मामा, दगडावर हातोडी मारून तुम्ही सांगता की आत शीर आहे. कसं कळतं?"

"आवाज बद्द येतो."

"बद्द का येतो?"

"शीर असती म्हणून."

"म्हणजे शीर आहे म्हणून बद्द, आणि बद्द आहे म्हणून शीर. कॉलेजात असं उत्तर लिहिलं तर सर वही फेकून देतील."

"तुझ्या सरला म्हणावं, ये इथं. वही ऱ्हाऊ दे, पहार उचलून दाखव."

असं आमचं रोज चाले. मला ते आवडायचं. मला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दगडातलं मला जेवढं कळत होतं तेवढं त्या तालुक्यात कोणाला कळत नव्हतं. हे मी तेव्हाही म्हणायचो आणि आजही म्हणतो.

आता आमची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. सुरुंगांच्या वाती कमी-जास्त लांबीच्या कापतात, म्हणजे बार एकामागून एक उडतात. जेवढे भरले तेवढे उडाले की नाही हे कानानं मोजायचं. एखादा कमी आला तर तो खाली जिवंत आहे असं समजायचं आणि त्या दिवशी विहिरीत पाय घालायचा नाही. आणि हे मोजणारा टोळीत एकच माणूस. मिस्त्री. बाकीच्यांनी मोजायचं नाही, तोंडानं नाही आणि मनातही नाही. दोघांनी मोजलं की आकडा फाटतो, असं माझा बाप म्हणायचा. पाहुणा मिस्त्री आला असेल तर त्यानं तर नाहीच मोजायचं; ते घरमालकाच्या ताटात हात घालण्यासारखं. मी बोलेन तो आकडा. त्यावर टोळी उतरायची. तीस वर्षं असंच चाललं होतं, आधी बापाच्या आकड्यावर, मग माझ्या.

मी खाली उतरलो, आठही वाती पेटवल्या आणि शिडी चढून वर आलो. चारी दिशांना "बार हाऽऽय!" अशी आरोळी दिली. सगळे ढिगाऱ्याच्या आड बसले. मी तिप्पण्णाच्या शेजारी टेकलो.

"रामण्णा, सीनेच्या पुलाचा पाया तूच खणला म्हणं?" त्यानं विचारलं.

"मीच. तिथला दगड असा हाय, पाव्हणं, की छिन्नी लावली तर छिन्नीच रडती."

पहिला बार उडाला. जमीन हलली. मी सांगत राहिलो. सरकारी इंजिनिअर कसा हात टेकून बसला होता, मी कशी दगडाची नस शोधली, सगळं सांगितलं. मधे मधे बार होत होते, वरून खडे पडत होते, दशरथ फेटा सावरत होता, तिप्पण्णा मान हलवत होता. मग सगळं गार झालं. विहिरीच्या तोंडातून धूर वर आला आणि पांगला.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"आठ," मी म्हणालो. "चला जावई, उतरा."

"मामा, सात."

रेणुका सपाट दगडापाशी बसली होती. हातात कॉलेजचा खडू. दगडावर सात उभ्या रेघा ओढलेल्या.

"काय सात?"

"बार. सातच झाले. प्रत्येकाला एक रेघ ओढलीय मी."

"रेणे, तोंड मीट!" गंगू ओरडली.

"तुला मोजायला कुणी सांगितलं होतं?" मी विचारलं.

"कुणी नाही. आवाज आला, रेघ ओढली."

"कालिजात हेच शिकिवत्यात व्हय गं?" टोळीतलं कोणीतरी म्हणालं, आणि हशा झाला.

"तिथं एक गोष्ट दोन-दोनदा मोजायला शिकवतात. आणि लिहून ठेवायला. म्हणजे मग कुणी हसलं तरी रेघ पुसली जात नाही."

मला राग आला. माझ्या विहिरीवर, माझ्या व्याह्यासमोर, माझ्याच बहिणीची पोर माझा आकडा खोटा पाडत होती. मी तिप्पण्णाकडं वळलो.

"पाव्हणं, तुमी काय म्हनता?"

तिप्पण्णा तळहातावर तंबाखू मळत होता. त्यानं वर पाहिलं नाही. "तुझी हिर, तुझा आकडा," तो म्हणाला. "पाव्हण्यानं मोजायचं नसतं."

"ऐकलंस?" मी रेणुकाला म्हणालो. "जावई, चला."

दशरथनं नारळ कमरेला बांधला आणि शिडीकडं निघाला. त्याच्या आधी रेणुका तिथं पोचली. शिडीच्या वरच्या टोकाशी, विहिरीत पाय सोडून, दोन्ही दांड्या धरून बसली.

"बाजूला व्हय," दशरथ म्हणाला.

"मला ओलांडून जायचं असेल तर जा, दाजी. पण आधी सरजाला काय सांगायचं ते मला सांगून जा. मी निरोप पोचवीन. तीन आठवड्यांच्या नवरीला निरोप द्यायचा तर शब्द नीट पाहिजेत."

दशरथचा पाय जागच्या जागी थांबला. हसणं थांबलं. गंगू धावत आली आणि तिनं लेकीच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली.

"मार," रेणुका दांड्या न सोडता म्हणाली. "पण मोजून मार आई. नंतर वाद नको."

मी तिला काखेत धरून उचलून बाजूला ठेवू शकलो असतो. माझे हात तेव्हा तसे होते. पण मी तिच्याकडं पाहिलं. विहिरीच्या तोंडावर बसली होती, खाली तिला वाटत होतं तसं खरंच असतं तर सर्वांत आधी तीच गेली असती. आणि ती हे जाणून बसली होती.

"बरं," मी मोठ्यांदा, हसत म्हणालो, "पोरीचा हट्ट हाय. एक बिडी ओढू, मग उतरू. मान कुठं पळून जात न्हाई."

बिडी झाली. दुसरी झाली. मी उठलो नाही आणि माझ्याआधी कोणी उठणार नव्हतं. कडुलिंबाची सावली ढिगाऱ्याच्या पायथ्याशी होती ती वर चढून पार आमच्या डोक्यावर आली. तिप्पण्णा डोळे मिटून पडला होता. दशरथनं फेटा सोडून परत बांधला, तोही दोनदा. रेणुका शिडीवरून हलली नाही. गंगूनं तिला तांब्याभर पाणी नेऊन दिलं, आणि देताना आणखी एक धपाटा दिला.

शेवटी मी उठलो. "आधी मी जातो."

"मामा, आज कुणीच नको. उद्या."

"सर बाजूला."

"मामंजी, मान माझा..." दशरथ म्हणाला.

"तुमचा मान तुमालाच. मी जागा बघून येतो."

रेणुकानं दांड्या सोडल्या. मग ती सरकली. "कडेकडेनं जा," एवढंच म्हणाली.

तीस वर्षं मी शिड्या उतरत होतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा पायऱ्या मोजल्या. बावीस होत्या. खाली धुराचा कडू वास होता. भिंतीला पाठ लावून मी सरकत गेलो आणि एकेक भोक पाहिलं. जिथं जिथं सुरुंग भरला होता तिथं तिथं दगड उलला होता. पहिलं, दुसरं, तिसरं... सातवं. आठवं उगवतीच्या कोपऱ्यात होतं. तिथला दगड तर भाकरीसारखा मधोमध फुटला होता. मी खाली बसलो. मग वर आलो.

"आठ," मी म्हणालो. "आठच्या आठ उडालेत."

टोळीनं एकच गलका केला. दशरथ उतरला, नारळ फुटला, पहिली पाटी वर आली, तिप्पण्णानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि रेणुकाला त्या क्षणापासून नाव पडलं, सातवाली. "ए सातवाली, पाणी आण." "सातवाले, भाकरी किती खाल्ल्या, सात का आठ?" तिनं खडू परकराच्या गाठीत खोचला आणि आईबरोबर पाटी उचलायला लागली. मान खाली होती.

सांज व्हायला आली तेव्हा मी भात्यापाशी बसून छिन्न्यांना पाणी पाजत होतो. म्हणजे टोक तापवून लाल करायचं आणि पाण्यात बुडवायचं. त्याशिवाय छिन्नी टणक होत नाही. रेणुका आली आणि भाता ओढायला लागली.

"मामा, माझं चुकलं."

"असू दे. पोरपणा."

"दोन बार एकाच वेळी उडाले असणार. म्हणून मला सात ऐकू आले."

"असंल. दोन वाती सारख्या कापल्या गेल्या असत्याल."

ती भाता ओढत राहिली. निखारे फुलले.

"मग तुम्हाला आठ कसे ऐकू आले?"

माझ्या हातात लाल छिन्नी होती. ती बुडवायची राहून गेली.

"दोन बार एकत्र झाले तर आवाज सातच होणार ना, मामा. कुणाच्याही कानाला. तुमच्यासुद्धा. आठ कुणालाच ऐकू येणार नाहीत." तिचा आवाज हळू होता, चढलेला नव्हता. गणित सोडवताना बोलतात तशी बोलत होती. "तुम्ही मोजलेच नव्हते."

कोणी ऐकतंय का हे मी आधी पाहिलं. हे सांगायला मला लाज नाही, तसंच झालं.

"सीनेच्या पुलाचं सांगत हुतो," मी म्हणालो. "ध्यान गेलं. आठ भरले हुते, म्हणून आठ म्हणालो."

मला वाटलं ती उठून जाईल, किंवा आईला सांगेल. ती म्हणाली, "छिन्नी गार होतेय. परत तापवावी लागेल." आणि भाता ओढायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "मामा, माझ्या सुट्टीचे अकरा दिवस उरलेत. मी तुम्हाला आकडे शिकवते."

"आता? बेचाळीस वर्सांचा बाप्या हाय मी."

"आकड्यांना वय विचारायची सवय नसते. आणि इथून पुढं दोघांनी मोजायचं. खडूनं. दोन आकडे जुळले नाहीत तर दुसऱ्या दिवशी उतरायचं. कुणाचा खरा, हे भांडत बसायचं नाही."

"टोळीला काय सांगू? रीत का मोडली म्हणून?"

"खरं सांगा."

"ते जमायचं न्हाई."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि हसली. "मग राहू द्या. सातवाली म्हणजे काही वाईट नाव नाही."

अकरा दिवस तिनं मला शिकवलं. लिहायची पाटी म्हणजे काळ्या पाषाणाचा सपाट दगड. "मामा, हातोडा धरल्यासारखा खडू धरू नका, तो मोडतो," हे तिनं किती वेळा सांगितलं असेल. एकपासून आठपर्यंत आधी आलं, मग नऊ आणि शून्य. मग ती अक्षरांवर आली. माझं नाव काढायला शिकवलं. 'ण' ला 'ण' जोडताना माझ्या कपाळावर घाम यायचा, असा की पहार मारतानाही आला नव्हता. टोळी लांबून बघायची. "मिस्त्री कालिजात चालला," म्हणायची. तेवढ्या दिवसांत आणखी दोनदा बार झाले. मी मोजले, तिनं दूर बसून लपून रेघा ओढल्या, आणि नंतर आम्ही आकडे जुळवले. उघडपणे दोघांनी मोजायचं धाडस मला झालं नाही. पोरं तिला सातवाली म्हणत राहिली, आणि मी त्यांना गप्प केलं नाही.

जूनमध्ये ती बार्शीला गेली. दिवाळीच्या सुमारास तिचं कार्ड आलं. मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलेलं, माझ्यासाठी. मी कोणाला वाचायला दिलं नाही. एकेक अक्षर जोडत मला दोन दिवस लागले. त्यात होतं, "मामा, दोघं मोजता ना?" मी उत्तर लिहिलं नाही. एक तर लिहायला आठवडा लागला असता, आणि दुसरं म्हणजे उत्तर 'नाही' असं होतं.

मग ती गेली. तिचा तेरावा गंगूच्या पालावर झाला. आमचे पाच-पंचवीस लोक जमले होते, तिप्पण्णाही आला होता. जेवणं उरकली, बायका गंगूभोवती बसल्या होत्या, पुरुष बाहेर. कोणीतरी, वाईट मनानं नव्हे, मायेनंच म्हणालं, "सातवाली गेली बिचारी. लय हट्टी हुती."

मी उभा राहिलो.

"तिला कुणी सातवाली म्हणायचं न्हाई," मी म्हणालो. "त्या दिवशी गुंडेवाडीला सातच आवाज झाले. दोन बार एकत्र उडाले हुते. मी आठ म्हणालो, कारण मी मोजलेच नव्हते. मी पाव्हण्याला फुशारक्या सांगत हुतो. त्या हिरीवर मोजलं ते एकटीनं तिनं. ते तिनं त्याच सांजेला मला बोलून दाखवलं आणि मरेपर्यंत दुसऱ्या कुणाला सांगितलं न्हाई."

दशरथ माझ्याकडं बघत होता, मी कधीच न पाहिलेल्या नजरेनं. मला वाटलं आता हा म्हणेल, माझ्या टोळीत राहणार नाही. त्याचा तो हक्क होता.

तेव्हा तिप्पण्णा बोलला. तो बसल्या जागेवरून, जमिनीकडं बघत बोलला.

"मीबी सात मोजले हुते."

"काय?" दशरथ म्हणाला.

"तीस वर्सं मिस्त्री हाय मी. कान आपोआप मोजतो. सात झाले. मला वाटलं एक जिवंत हाय." "आणि तू शिडीकडं निघालास. माझा पोरगा. मी तंबाखू मळत बसलो. पाव्हण्यानं मोजायचं नसतं म्हणालो."

गंगू पालाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "मी तिला त्या दिशी मारलं, दादा." एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या टोळीत दोघं मोजायला लागले. एक मी आणि एक टोळीतलं कोणीही, बाई असो की पोर. दोघांनी वेगवेगळं बसायचं, खडूनं रेघा ओढायच्या आणि मगच तोंड उघडायचं. तिप्पण्णाच्या टोळीनंही तेच धरलं. दशरथ कुठं गेला नाही. माझ्याबरोबर दुसरा आकडा पहिल्यांदा मोजला तो त्यानंच. त्यानंतर मी सव्वीस वर्षं विहिरी पाडल्या. त्या सव्वीस वर्षांत चार वेळा आकडे जुळले नाहीत. चारही वेळा आम्ही दुसऱ्या दिवशी उतरलो. तीनदा सगळे उडालेले निघाले. एकदा, भूम तालुक्यातल्या एका विहिरीत, दहावा सुरुंग जसा भरला होता तसा निघाला. माझ्या टोळीतला एकही माणूस विहिरीत दगावला नाही. असं सांगणारा दुसरा मिस्त्री मला अजून भेटलेला नाही.

अक्षरं मी पुढं पुरी केली. तिची शाळेतली पुस्तकं गंगूनं मला दिली होती, त्यातल्या पहिलीच्या पुस्तकापासून सुरुवात केली. वर्तमानपत्र सरळ वाचता यायला मला पंचेचाळिसावं उजाडलं.

रेणुका सोपान विटकर, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, वय वर्षं वीस. कावीळ होऊन बार्शीच्या दवाखान्यात ती ११ डिसेंबर १९८३ रोजी, रविवारी, सकाळी वारली.